फक्त घोड्याचं बघा

दीनानाथ घैसास घोडा आणायला कबूल झाला तेव्हा तो घोडा आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, शेगडी आहे.

जर्मनमध्ये घोड्याला ‘प्फेअर्ट’ म्हणतात आणि शेगडीला ‘हेअर्ट’. दोन शब्दांत फरक आहे तो सुरुवातीच्या एका फुंकरीचा. आता ती फुंकर संध्याकाळी पावणेआठ वाजता, पालकसभेत, शेवटच्या बाकावर, शेजारच्या बाई नाक शिंकरत असताना ऐकू येईलच असं नाही. शिवाय दीनानाथ थेट ऑफिसातून आला होता, त्याला भूक लागली होती, आणि भुकेल्या माणसाला घोड्याआधी शेगडीच आठवते.

ही सभा बॉनमधल्या त्याच्या मुलीच्या गिमनाझियमची. अन्वी यंदा पाचवीत, म्हणजे मोठ्या शाळेत गेली होती. जर्मन शाळेत अभ्यास मुलं करतात आणि सण आईबाप करतात, हे दीनानाथला त्या संध्याकाळी कळलं. वर्गशिक्षिका फ्राऊ लिंडलार यांनी वर्षभराची यादीच वाचायला घेतली. नोव्हेंबरात सांक्ट मार्टिन या संताची कंदिलांची मिरवणूक, डिसेंबरात नाताळचा बाजार, फेब्रुवारीत कार्निव्हल, जूनमध्ये उन्हाळी जत्रा. त्यात यंदा शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती, म्हणून जगभर पांगलेल्या माजी विद्यार्थ्यांना घरी बोलवायचं ठरलं होतं, तेही मार्टिनच्या मिरवणुकीच्याच दिवशी.

प्रत्येक कामाला एक नाव हवं होतं. अशा वेळी जर्मन पालक काय करतात, तर पेनाचं टोपण काढतात आणि लावतात. वॉफल्सचं काम पहिल्या मिनिटात गेलं, ते घेणाऱ्या बाईंकडे ते गेली आठ वर्षं होतं. कंदील गेले, पाव गेले, बँड गेला. आपल्याला काहीतरी सोपं मिळावं अशी आशा करत दीनानाथ बसला होता, तेवढ्यात फ्राऊ लिंडलार म्हणाल्या, “आता फक्त हे राहिलं. याचं कोण बघेल?” आणि तो शब्द उच्चारला.

“आमच्याकडे आहे,” दीनानाथ म्हणाला.

वर्गात टोपणांचा आवाज थांबला.

“तुमच्याकडे, म्हणजे स्वतःचं?”

“हो. दोन वर्षांपूर्वीच घेतलं. लहान आहे, पण लवकर तापतं. बाल्कनीत ठेवलंय.”

“बाल्कनीत,” फ्राऊ लिंडलार म्हणाल्या.

“हो. घरात वास नको ना.”

सगळा वर्ग हसायला लागला. फ्राऊ लिंडलारांनी डोळे पुसले. एक गृहस्थ मागे वळून त्याचा हात हातात घेऊन हलवून गेले. चौदा वर्षांत जर्मनीत दीनानाथच्या कुठल्याही वाक्याला एवढी दाद मिळाली नव्हती. ऑफिसात त्याने मुद्दाम केलेले विनोद लोक नम्रपणे ऐकून घेत. आज तर तो विनोदसुद्धा करत नव्हता. बसमधून घरी येताना तो खिडकीतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे जरा कौतुकानेच बघत होता.

तिसऱ्या दिवशी सभेचं प्रोटोकोल, म्हणजे इतिवृत्त, आलं. पान दुसरं, मुद्दा सातवा: प्फेअर्ट, हेर (म्हणजे श्रीयुत) घैसास.

“अन्वी, प्फेअर्ट म्हणजे गं काय?”

अन्वीने गृहपाठातून डोकं वर न काढता जिभेने टगडक टगडक असा आवाज काढला.

संध्या, त्याची बायको, पोळ्या करता करता म्हणाली, “मग कळवून टाक ना. गैरसमज झाला म्हणावं.”

“काय कळवू? चौदा वर्षं या देशात राहून मला घोडा आणि शेगडी यातला फरक कळत नाही?”

“तो तर आता कळला की.”

“संध्या, ते प्रोटोकोलमध्ये आलंय.”

जर्मनीत माणसाने तोंडाने बोललेलं विसरलं जातं, प्रोटोकोलमध्ये आलेलं नातवंडांपर्यंत पोचतं. आणि उरलासुरला मार्ग अन्वीने बंद केला. “इष हाब्स शोन आलन गेझाग्ट,” ती म्हणाली. म्हणजे तिने सगळ्या वर्गाला आधीच सांगून टाकलं होतं की घोडा माझे पापा आणणार. ते जर्मनमध्ये सांगितलं होतं, त्यामुळे मराठीत रद्द करता येण्यासारखं नव्हतं.

या सगळ्याला आणखी एक श्रोता होता. संध्याचे वडील, चंद्रशेखर गद्रे, चिपळूणच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले होते. सासूबाई थंडीला भिऊन आल्या नव्हत्या. गद्रे सर कुठलीही गोष्ट डोळे मिटून ऐकत, जणू दोन विद्यार्थी एकमेकांची तक्रार घेऊन आले आहेत. दीनानाथला त्यांची भीती वाटे असं नाही. पण लग्नाला बारा वर्षं झाली तरी सासऱ्यांनी त्याला कधी रागावलं नव्हतं आणि कधी चांगलंही म्हटलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात ‘बरा’ असा शेरा दिला असावा, आणि फेरतपासणीची त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

“दीनानाथराव,” ते डोळे उघडून म्हणाले, “एक्क्याण्णव साली शिवजयंतीला आम्ही घोडा आणला होता. टांगेवाल्याला चिठ्ठी पाठवली. अर्ध्या तासात घोडा दारात.”

“बाबा, इथे टांगेवाले नाहीत.”

“मग घोडे काय करतात?”

दीनानाथने चौकशी सुरू केली. डार्मश्टाटचा त्याचा मित्र श्रीनाथ उपग्रहांच्या कामात होता. तो म्हणाला, “उपग्रह असता तर वेळ अगदी मिनिटावर सांगितली असती. घोड्याचं काही खरं नाही, त्याला स्वतःचं मत असतं.” दुसरा मित्र, उंटरश्लाइसहाइमचा विनय, म्हणाला की बवेरियात घोडे पैशाला पासरी आहेत, गावंच्या गावं घोडे घेऊन चर्चला जातात, तुम्ही मुळात बॉनमध्ये राहायलाच नको होतं. हा सल्ला विनय कुठल्याही अडचणीवर देई. घर मिळत नसताना दिला होता आणि अन्वीला कांजिण्या झाल्या तेव्हाही दिला होता.

शेवटी उपयोगी पडल्या त्या तळमजल्यावरच्या फ्राऊ क्युपर. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म इथलाच, आणि आजवर सगळं नीटच पार पडलंय तेव्हा पुढेही पडेल या ऱ्हाइनकाठच्या श्रद्धेवर जगणाऱ्या. त्यांनी नदीपलीकडच्या एका तबेल्याचा पत्ता दिला.

तबेल्याच्या मालकीणबाई, फ्राऊ ह्योफर, अबोल होत्या. घोडा मात्र दांडगा होता. दीनानाथची नजर त्याच्या छातीशी संपत होती आणि घोडा तिथून पुढे बराच होता. नाव कांझलर, म्हणजे चान्सेलर. राजधानी बर्लिनला गेली तेव्हा सगळे चान्सेलर गेले, बॉनमध्ये राहिलेला हा एकच, असं फ्राऊ ह्योफर म्हणाल्या. तो त्यांचा दिवसातला विनोद होता. मग त्यांनी भिंतीवरचं एक चौकटीतलं प्रमाणपत्र दाखवलं. कांझलर शांतपणाच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होता. छत्री उघडली, डबे वाजवले, फुगे फोडले, तरी हलला नाही.

गद्रे सर सोबत आले होते. त्यांनी ते प्रमाणपत्र वाचून घेतलं आणि विचारलं, “अशी परीक्षा इथे माणसांची घेतात का?”

“फक्त एक सवय आहे त्याला,” फ्राऊ ह्योफर निघताना म्हणाल्या. “पूर्वी तो सहलीची गाडी ओढायचा, त्यामुळे—”

“सवयी काय, सगळ्यांनाच असतात,” दीनानाथ घाईने म्हणाला. त्याची ट्राम चुकत होती.

घोडा मिळाला, आता त्याला रस्त्यावर आणायची परवानगी हवी होती. शहराच्या कचेरीतल्या बाईंसमोर नऊ पानांचा फॉर्म होता. घोड्याचं नाव, घोड्याची उंची, घोड्याचा विमा. दीनानाथने पहिल्यांदा जर्मनीत घर भाड्याने घेतलं तेव्हाही त्याच्याबद्दल एवढी विचारपूस झाली नव्हती. स्वार म्हणून डॉक्टर वोल्टर्स यांचं नाव होतं. हे शाळेचे माजी विद्यार्थी, पेशाने दंतवैद्य, गेली बावीस वर्षं तेच लाल झगा घालून सांक्ट मार्टिन होत.

“बदली स्वार?” बाईंनी विचारलं.

“लागणार नाही.”

“रकाना मोकळा चालत नाही.”

विम्याच्या कागदावर आपण नॉमिनीचं नाव घालतो, ते काय कुणी लगेच मरणार असतं म्हणून नाही. त्याच भावनेने दीनानाथने स्वतःचं नाव घातलं.

“आणि प्फेअर्डअॅपफेल?” बाई म्हणाल्या. “त्यांची जबाबदारी कोणाकडे?”

घोड्याची सफरचंदं. या वेळी दीनानाथने घोडा नीट ऐकला होता, सफरचंद तर त्याला पहिल्या वर्षापासून येत होतं. घोड्याला खाऊ घालण्याचीही इथे लेखी जबाबदारी असते याचं त्याला कौतुक वाटलं. “माझे सासरे बघतील,” तो म्हणाला. “घरूनच घेऊन येतील.”

बाईंनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता ‘गद्रे, चंद्रशेखर’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.

हे त्याने संध्याकाळी जिन्यात फ्राऊ क्युपरना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. “मला एक बादली ठेवा हं,” त्या म्हणाल्या. “गुलाबांना फार छान. पण घरून कशी आणणार?” आणि मग त्यांनी घोड्याची सफरचंदं म्हणजे काय, ती झाडाला लागत नाहीत तर कुठून पडतात, हे समजावून सांगितलं.

गद्रे सरांना ही बातमी संध्याने दिली, दीनानाथ आंघोळीला गेला होता. त्या रात्री त्यांनी वरणावर तूप घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही घेतलं नाही. एकतीस स्नेहसंमेलनांत अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या माणसाचं नाव परक्या देशात, सरकारी कागदावर, शिक्क्यानिशी, शेणासाठी लागलं होतं. तिसऱ्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “लीद म्हणतात त्याला. शेण गाईचं.” शब्द चुकलेला त्यांना अपमानातही चालत नसे.

दीनानाथने धीर करून फ्राऊ लिंडलारना फोन लावला आणि सासरे मुख्याध्यापक होते हे सांगितलं. त्या एकदम गंभीर झाल्या. लीद फ्राऊ क्युपर उचलतील, गुलाबांसाठी त्या आनंदाने मागून चालतील. हेर गद्रेंना मात्र आपण मानाची जागा देऊ. सांक्ट मार्टिन हा रोमन सैनिक घोड्यावरून येतो, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला बघतो आणि तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला देतो. ही सगळी मिरवणूक त्या एका क्षणासाठी असते. तो भिकारी हेर गद्रेंनी व्हावं.

घरी हे सांगताना दीनानाथने ‘भिकारी’ हा शब्द शक्य तितका उशिरा आणला. गद्रे सर डोळे मिटून ऐकत राहिले.

“झगा देणारा तो दातांचा डॉक्टर?”

“हो बाबा.”

“वाक्यं किती आहेत?”

“नाहीत. नुसता हात पुढे करायचा.”

“मूकाभिनय,” सर म्हणाले. “कठीण असतो. कुणालाही देऊन चालत नाही.” आणि त्यांनी वरणावर तूप घेतलं.

आता फक्त झगा उरला होता. डॉक्टरांच्या जुन्या झग्याला कसर लागली होती. संध्याने लाल मखमली कापड आणलं. ती पोस्टाच्या कंपनीत दिवसभर आकडे जुळवी आणि रात्री मशीनवर बसली की माणसात येई. दीनानाथने निरोप दिला, “दोन तुकडे कर, मधोमध जोड असू दे.”

“जोड पक्का ना?”

“पक्काच हवा. घोड्यावर बसायचंय.”

तो जोड का हवा होता हे फ्राऊ लिंडलारनी त्याला सांगितलं होतं. दोन तुकडे मध्ये नुसते चिकटवायचे, म्हणजे लाकडी तलवार टेकवली की अलग होतात. पण त्याच दिवशी त्याच्या ऑफिसात बिलिंगची यंत्रणा बंद पडली होती, आणि एका डोक्यात किती म्हणून राहणार.

अकरा नोव्हेंबर उजाडला आणि मावळलाही, कारण त्या महिन्यात तिकडे दोन्ही एकदमच होतं. पाच वाजता शाळेच्या मागच्या रस्त्यावर दोनशे मुलं कंदील घेऊन उभी होती. माजी विद्यार्थी दोन्ही फुटपाथवर दाटले होते. कुणी टोरांटोहून आलं होतं, कुणी शेजारच्या गल्लीतून, आणि सगळेच एकमेकांना तू अजिबात बदलला नाहीस असं खोटं सांगत होते. बँडवाले बोटं चोळत होते. कांझलर उभा होता. गद्रे सर गोणपाटाचा अंगरखा घालून, तोंडाला राख फासून, शाळेच्या पटांगणात शेकोटीजवळच्या गवतावर आधीच जाऊन बसले होते. दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचण्याचा त्यांचा नियम भिकाऱ्यालाही लागू होता.

आणि डॉक्टर वोल्टर्स शिक्षकांच्या खोलीत जमिनीवर पालथे पडले होते. बूट चढवायला वाकले ते वाकलेच. जर्मनमध्ये या प्रकाराला ‘चेटकिणीचा बाण’ म्हणतात. बाण बरोबर कमरेत बसला होता.

“काही हरकत नाही,” बंदोबस्ताचे पोलीस म्हणाले आणि त्यांनी कागद उलटला. “बदली स्वार आहे. हेर घैसास.”

“मला घोड्यावर बसता येत नाही,” दीनानाथ म्हणाला.

पोलिसांनी कागद त्याच्यासमोर धरला. सही त्याचीच होती.

तो आणखी काही बोलणार होता. पण रांगेतून अन्वी बाहेर आली, कंदील खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. “पापा,” ती म्हणाली, आणि पुढचं मराठीत म्हणाली, जे ती वर्षातून दोनदा करे. “तुला नको असेल तर नको. मी सांगते सगळ्यांना.”

दीनानाथने कोट काढला, कारण त्याच्यावर झगा बसेना. आत कंपनीच्या मॅरेथॉनचा पातळ टी-शर्ट होता. जिमखान्यातलं एक स्टूल, तीन बाप आणि फ्राऊ ह्योफर यांच्या मदतीने तो चढला. पहिल्यांदा तो पलीकडच्या बाजूला पोचला, दुसऱ्यांदा मध्येच थांबला. कुणीतरी सोनेरी शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि कमरेला लाकडी तलवार अडकवली. वरून त्याला लोकांच्या पहिल्या मजल्यावरचे दिवाणखाने दिसत होते. एका घरात इस्त्री चालली होती.

मिरवणूक निघाली आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची दहा मिनिटं फार सुंदर गेली. फ्राऊ ह्योफर लगाम धरून पुढे, कांझलर डुलत डुलत, मागे बँड, त्यामागे दोनशे कंदिलांचा थरथरता उजेड, आणि सगळ्यात शेवटी फावडं आणि बादली घेऊन फ्राऊ क्युपर. दीनानाथने हळूच एक हात सोडून लोकांना दाखवला. लोकांनी परत दाखवला. त्याने पाठ ताठ केली. आपल्यात हे पहिल्यापासून होतं, फक्त संधी मिळाली नव्हती, असा विचार त्याच्या मनात येत होता.

शाळेचं फाटक दोनशे पावलांवर असताना एक जुनी वाइनची खानावळ लागते. तिच्यासमोर कांझलर थांबला.

“चला,” दीनानाथ म्हणाला. मराठीत, जर्मनमध्ये, आणि मग जिभेने टगडक करून.

“वीस मिनिटं,” फ्राऊ ह्योफर म्हणाल्या.

“काय वीस मिनिटं?”

“मी सांगत होते तुम्हाला. दहा वर्षं तो वाइनच्या सहलीची गाडी ओढायचा. प्रत्येक खानावळीसमोर वीस मिनिटं थांबा. लोक पिऊन यायचे. त्याला वेळ बरोबर कळते.”

“ओढा ना त्याला.”

“आठशे किलो आहे,” त्या म्हणाल्या.

बँडने तेच गाणं पुन्हा सुरू केलं. मग पुन्हा. चौथ्यांदा ट्रम्पेटवाल्याने दीनानाथकडे बघितलं. माजी विद्यार्थ्यांना आठवलं की गणिताचा तास बुडवून आपण इथेच येत होतो, आणि एकेक जण आत जायला लागला. खानावळीचा मालक बाहेर आला आणि त्याने गरम वाइनचा पेला सांक्ट मार्टिनला वर दिला. तो घ्यायला हात सोडावा लागला असता, म्हणून सांक्ट मार्टिनने मानेने नको म्हटलं. पाचवीची मुलं थंडीने पाय आपटत होती. ओळीत कुठेतरी अन्वी होती, आणि दीनानाथ तिकडे बघायचं टाळत होता.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि समोरून गद्रे सर आले. गोणपाटात, राखेत, हात पाठीमागे बांधून, जसे ते मधल्या सुट्टीनंतर व्हरांड्यातून फिरत असतील.

“दीनानाथराव, साडेपाचची वेळ होती ना?”

“बाबा, घोडा थांबलाय.”

“किती वेळ?”

“अजून चौदा मिनिटं.”

सरांनी घोड्याकडे बघितलं. घोड्याने सरांकडे बघितलं. दोघेही आपापल्या नियमांचे होते. मग सरांनी मुलांच्या ओळीवरून नजर फिरवली.

“मुलं गारठलीत. कार्यक्रम इथेच घेऊ,” ते म्हणाले, आणि खानावळीसमोरच्या ओल्या फरशीवर खाली बसले. त्यांनी हात पुढे केला.

बँड आपोआप थांबला. आत गेलेले लोक पेले घेऊन दारात आले. मुलांनी नीट दिसावं म्हणून कंदील पुढे धरले, आणि त्या उजेडात तो पुढे आलेला हात एवढा थरथरत होता की अभिनय कुठला आणि थंडी कुठली ते कळेना. दर दिवाळीला ज्यांच्या पाया पडायचं ते पायाशी बसलेले आहेत, हात पसरून, आणि आपण वर. दीनानाथने तलवार उपसली, झगा ताणून धरला आणि मधोमध टेकवली.

काही झालं नाही.

“कापा,” गद्रे सर ओठ न हलवता म्हणाले.

“कापला जात नाहीये.”

“मी ओढतो.”

सरांनी खालून टोक धरून ओढलं. झगा तसाच राहिला, दीनानाथ मात्र अर्धा खाली आला. शिरस्त्राण निसटून रस्त्यावर गडगडत गेलं. त्याने घोड्याच्या मानेला मिठी मारली. कांझलरच्या प्रमाणपत्रात काहीही खोटं नव्हतं, तो हलला नाही. सरांनी दुसऱ्यांदा ओढलं, तेव्हा गर्दीतून संध्याचा स्वच्छ मराठी आवाज आला.

“कापायचाय हे मला कुणी सांगितलं का? दुहेरी टीप घातलीय त्याला.”

दीनानाथने दोन क्षण विचार केला. मग गळ्याची गाठ सोडली आणि सगळा झगा काढून खाली सोडला. तो सासऱ्यांच्या डोक्यावरून खांद्यावर पडला. वर, शून्यावर दोन अंश थंडीत, ‘टीम बिलिंग’ लिहिलेल्या टी-शर्टमध्ये सांक्ट मार्टिन बसला होता.

क्षणभर कुणालाच काय करावं कळेना. गोष्टीत अर्धाच झगा आहे. पेला हातात धरलेले एक म्हातारे माजी विद्यार्थी शेजाऱ्याला म्हणाले की उरलेला अर्धा सैन्याच्या मालकीचा होता, असा पूर्ण देता येत नाही. पण तोवर मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती.

गद्रे सर उठले. झगा त्यांना छान बसला होता. फ्राऊ क्युपरनी बादली खाली ठेवून शिरस्त्राण उचललं आणि म्हाताऱ्या माणसाचं डोकं उघडं नको म्हणून त्यांना घातलं.

“खाली या आता,” सर जावयाला म्हणाले.

“उतरता येत नाही, बाबा.”

मग सर लगामापाशी उभे राहिले, आणि उरलेली दहा मिनिटं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांशी हस्तांदोलन केलं. एका बाईंनी विचारलं, तुम्ही कुठल्या सालचे? सर इंग्रजीत म्हणाले की मी या शाळेचा नाही, पण शाळेचा आहे. बाईंना ते फार आवडलं. स्थानिक वर्तमानपत्राच्या माणसाने तीन फोटो काढले. बरोबर विसाव्या मिनिटाला कांझलरने पाऊल उचललं आणि मिरवणूक पटांगणात शिरली.

शेकोटीजवळ दीनानाथला उतरवण्यात आलं. त्याचा कोट शिक्षकांच्या खोलीत, डॉक्टर वोल्टर्सच्या उशाशी होता. तो आणायला जात असताना टोरांटोच्या एका दयाळू बाईंनी त्याला थांबवलं, माणसाच्या आकृतीचा एक गोड पाव त्याच्या हातात दिला आणि राहायची काही सोय आहे का असं हळू आवाजात विचारलं. अन्वीने ते ऐकलं. तिने बापाचा गारठलेला हात आपल्या जॅकेटच्या खिशात घातला आणि म्हणाली, “एअर इस्ट माइन पापा.” हे माझे पापा आहेत.

शनिवारी वर्तमानपत्रात फोटो आला. लाल झगा, सोनेरी शिरस्त्राण, हातात लगाम, तोंडावर अधिकार. खाली छापलं होतं: सांक्ट मार्टिनच्या भूमिकेत चंद्रशेखर गद्रे, भिकाऱ्याच्या भूमिकेत दीनानाथ घैसास. यंदा परंपरेला फाटा देऊन भिकारी घोड्यावर होता.

दुपारपर्यंत तो फोटो चिपळूण, पुणे आणि उंटरश्लाइसहाइमला पोचला. विनयने विचारलं की बॉनमध्ये हल्ली नोकरीचं बरं चाललंय ना. दीनानाथने नाक पुसत संगणक उघडला आणि संपादकांना दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. नम्र पण ठाम असं पत्र होतं. दोन परिच्छेद झाले असतील, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. सासूबाईंना फोन चालला होता, आणि गद्रे सर फोनवर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलत.

“नाही, चुकीचं छापलंय. संत तेच होते. मी भिकारी... अगं, ऐक तरी. अर्धा द्यायचा असतो. यांनी अंगावरचा सगळा काढून दिला. आणि स्वतः बसले कुडकुडत, इतक्या लोकांत. एक शब्द नाही बोलले.” मग सासूबाईंनी काहीतरी विचारलं असावं. “हो. चांगलेच आहेत. मी कधी नाही म्हटलं? ... नाही, घोड्यावर बसता नाही येत. पण सगळं कुठे येतं एकेकाला.”

दीनानाथने कळपाटीवरचे हात उचलले. दारात पाऊल वाजलं तेव्हा पडद्यावर कोरं पान होतं.

गद्रे सरांनी घसा खाकरला. “फोन चालू होता,” ते म्हणाले. “तुमचा विषय नव्हता.”

“मी काही ऐकलं नाही, बाबा,” दीनानाथ म्हणाला.

सर्दी त्याला सडकून झाली होती, ती पुढे आठवडाभर गेली नाही. पण त्या दिवशी घरात संध्याकाळपर्यंत कुणीतरी शीळ घालत होतं.